समुद्राकडे तोंड करून

सोमवार, ६ जानेवारी

ही डायरी औषधाच्या दुकानात फुकट मिळाली. वस्तू कोरी पडून राहिलेली मला बघवत नाही, म्हणून लिहितेय. शाळा सहावीत सुटली, पण तिकिटाच्या खिडकीत जन्म गेला, त्यामुळे हात आणि तोंड दोन्ही चालतं.

खिडकी होडीची. आमच्या गावाच्या एका अंगाला खाडी आहे आणि ती ओलांडायला इंजिनाची होडी आहे. होडी धाकटा चालवतो. धाकटा म्हणजे माझा भाऊ, साठी उलटली तरी धाकटाच. तिकिटं मी फाडायची. मग वरच्या अंगाला पूल झाला, लोक गाडीतून भुर्रकन जायला लागले आणि माझी खिडकी बंद झाली. आता होडीत बसतात ते पलीकडच्या वाडीतले दोघंतिघं आणि एक कोंबड्यांची टोपली.

आज कचेरीतून निरोप आला. हंगाम संपेपर्यंत होडीत माणसं दिसली नाहीत तर पुढचा परवाना नाही, धक्का बंद. निरोप ऐकून धाकटा इंजिन पुसत बसला. मी म्हटलं, अरे काहीतरी हातपाय हलव. त्याने फडकं हलवलं.

गुरुवार, ९ जानेवारी

कचेरीतला कारकून घरी आला. त्याचं म्हणणं असं की गावात गाड्या भरून पाहुणे येतात, त्यांना मनोरा बघायचा असतो (दीपगृहाला आम्ही मनोरा म्हणतो) आणि ते रस्ता विचारत गल्लीबोळांतून हिंडतात. म्हणून बस थांबते तिथे मोठा फलक लावायचा. वर नकाशा, खाली गावाची 'भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी'. ती मी सांगायची, कारण इतकी वर्षं खिडकीत बसून सगळ्यांना रस्ता मीच सांगत आले.

मी म्हटलं, पार्श्वभूमी म्हणजे मागे काय आहे ते ना? मागे डोंगर आहे. झालं.

हे त्याने लिहून घेतलं नाही. त्याला राजा हवा होता. राजा नसला तर निदान एखादी लढाई. मी सांगितलं, इथे राजा आला नाही. आला असता तर खाडीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला असता आणि आमच्याच कुणीतरी त्याला ओढून काढून आंघोळीला पाणी दिलं असतं. यात लढाई कुठे बसवू?

शेवटी म्हणाला, तुम्हीच लिहून द्या, नकाशाही काढून द्या. भावजयीने त्याच्या चहात साखर दोनदा घातली. तिचं लक्ष नसतं हल्ली.

रविवार, १२ जानेवारी

पार्श्वभूमी लिहून झाली. एका बैठकीत. लोक उगाच बाऊ करतात.

लिहिलं ते असं. समुद्रापासून हाकेवर गोड्या पाण्याची विहीर निघाली, म्हणून जहाजं पाणी भरायला थांबायची. पाणी भरायला वेळ लागतो. तेवढ्यात कुणी गरम जेवण मागायचं, कुणी फाटलेलं शीड शिवून मागायचं. देणारे इथेच राहिले, त्यांचं गाव झालं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तो दर वर्षी जागा बदलतो, म्हणून मोठं जहाज आत येत नाही, म्हणून गाव मोठं झालं नाही. दुसऱ्या अंगाला पाण्याखाली खडक आहेत, म्हणून तिथे मनोरा. मागे डोंगर, त्यामुळे गावाला पसरायला जागा नाही आणि भांडायला शेजारी जवळ.

शेवटचं वाक्य भावजयीने खोडायला सांगितलं. मी नाही खोडलं.

बुधवार, १५ जानेवारी

नकाशा काढला. वर समुद्र, खाली डोंगर, मध्ये रस्ता. डावीकडे मनोरा, उजवीकडे खाडी आणि होडी. यात चुकायला काही नाही. आमच्या गावात कुणी उत्तर दक्षिण बोलत नाही. समुद्राकडे तोंड करायचं, की डावा हात मनोऱ्याकडचा आणि उजवा होडीकडचा. घरातसुद्धा तसंच. मीठ फळीवर मनोऱ्याकडे, साखर होडीकडे. दाताच्या डॉक्टरला आपण सांगतो, मनोऱ्याकडची दाढ दुखते. बाहेरून आलेला पहिला डॉक्टर याला कंटाळून पळाला. आत्ताच्याने खुर्चीच समुद्राकडे तोंड करून बसवलीय, तो टिकला.

कारकून नकाशा बघून म्हणाला, समुद्र वर कसा? मी म्हटलं, मग काय डोक्यावर डोंगर घेऊन चालू? बाहेरगावचा आहे, शिकेल.

मंगळवार, २१ जानेवारी

पेंटरने फलक रंगवला. हा पेंटर होड्यांवर नावं घालतो, त्यामुळे त्याच्या अक्षरांना खालून लाटा असतात. मी म्हटलं, लाटा नकोत. तो म्हणाला, हात तसाच वळतो. राहू दे म्हटलं. मनोरा छान काढलाय, लाल पट्ट्यांचा, माणसांपेक्षा उंच आणि डोंगरापेक्षाही उंच.

धाकटा बराच वेळ फलकाकडे बघत उभा होता. मग मला विचारतो, "आक्का, वाचणारा कुठे तोंड करून उभा राहील?"

मी म्हटलं, "अक्षरांकडे. दुसरं कुठे तोंड करून वाचतात?"

"बरोबर," म्हणाला आणि मिशीतल्या मिशीत हसला. साठी उलटल्यावर माणसाला अशा शंका येतात, म्हणजे पुढे कठीण आहे.

गुरुवार, २३ जानेवारी

खांबांचे खड्डे खणायचं काम कारकुनाने धाकट्याला दिलं. बरं झालं, रिकामा बसला होता.

शुक्रवार, २४ जानेवारी

दोन खड्डे, आणि दोन दिवस. काल संध्याकाळी घरी आला तो वाळूने माखलेला, झालं म्हणाला. आज पुन्हा पहार घेऊन गेला. मी विचारलं, काल झालं होतं ना? म्हणाला, जागा पसंत पडली नाही. नवरी बघायला गेलाय जसा. मी असते तर सकाळच्या चहाआधी उरकलं असतं.

सोमवार, २७ जानेवारी

फलक लागला. रस्त्याच्या डोंगराकडच्या कडेला, मोठ्या झाडाखाली. धाकटा म्हणतो, वाचणाऱ्याला सावली. एवढी काळजी त्याने बायकोची कधी केली नाही. भावजय हे ऐकून तोंडाला पदर लावून आत गेली. वाईट वाटलं असेल बिचारीला. मी उगाच बोलले.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी सवयीने धक्क्यावर गेले, बंद खिडकीची काच पुसायला. एक अख्खं कुटुंब आलं, टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन. विचारतात, मनोरा कुठाय?

मी म्हटलं, मनोरा गावाच्या दुसऱ्या टोकाला. तुम्ही उलटे आलात. फलक वाचला नाही का? ते म्हणाले, वाचूनच आलो. मी म्हटलं, मग पुन्हा वाचा, आणि त्यांना आल्या वाटेने परत पाठवलं. धाकटा होडीत उभा होता. बसा म्हणायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. एखाद्याच्या ताटातला मासा मांजराने न्यावा तसं त्याचं तोंड झालं.

हल्लीच्या लोकांना वाचता येतं, कळत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पुन्हा तेच. आज तीन घोळके. सगळे मनोरा शोधत होडीकडे. सगळ्यांना परत पाठवून पाठवून घसा बसला. भावजय म्हणते, वन्सं, तुम्ही धक्क्यावर जाऊ नका, वारा बाधतो. चाळीस वर्षं नाही बाधला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

भावजयीला काय झालंय कळत नाही. सकाळ झाली की माझ्यासाठी काम तयार. काल जुने पडदे उसवायला दिले, आज तेच पडदे शिवायला. परवा डबे पुसून घेतले, तेही स्वच्छच होते. आळशी होत चाललीय. मी काही बोलले नाही. घर तिचं आहे, आणि आमचे हे गेल्यावर तिनेच मला 'या' म्हटलं होतं, पेटी उचलायला ती स्वतः आली होती.

रविवार, २३ फेब्रुवारी

पडद्यांमधून आज सुटका झाली. धक्क्यावर गेले तर होडी खाडीच्या मधोमध आणि माणसांनी भरलेली. धाकटा उभा राहून हात करून काहीतरी दाखवतोय, जसा काही मास्तरच. मला वाटलं, पूल पडला की काय. नाही, पूल धड आहे.

परत आल्यावर विचारलं, हे कुठून आणलेस? म्हणाला, आले आपापले. यांना मनोरा बघायचा होता. मी विचारलं, मग होडीत का घेतलंस? तो म्हणाला, "मधे गेल्यावर दिसतो ना."

लोक खूश होऊन उतरले ते बरं. पण चुकून आलेल्या माणसाला असं बसवून घेणं मला पटलं नाही. म्हणजे मुळात ते का चुकतात, हे शोधायला हवं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

शोधलं. वेळ लागला नाही.

फलकासमोर उभी राहिले. मनोरा डावीकडे, बरोबर. होडी उजवीकडे, बरोबर. पार्श्वभूमी बरोबर, लाटांसकट. मग डावा हात वर केला आणि बघितलं तर हात दाखवतोय होडीकडे. तीनदा केलं. बसमधून उतरलेल्या बायका मला पाहून बाजूने गेल्या.

मग डोक्यात उजेड पडला. नकाशा समुद्राकडे तोंड करून वाचायचा. फलक लावलाय रस्त्याच्या डोंगराकडच्या कडेला. वाचणाऱ्याचं तोंड डोंगराकडे, पाठ समुद्राकडे. त्यामुळे त्याचा डावा हात होडीकडे जाणार. फलक समोरच्या कडेला, समुद्राच्या बाजूला हवा होता. आमच्या माणसाला हे कळलंच नसतं, कारण आमचा माणूस फलक वाचतच नाही.

या धाकट्याने सावलीच्या नादात सगळ्या गावाचा भूगोल उलटा केला. आणि वर मला विचारतो, वाचणारा कुठे तोंड करून उभा राहील. विचारलंस ना, मग उत्तरावर विचार कर की.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

कचेरीत जाऊन तक्रार केली. गावाचं नाव खराब होतंय, लोक उलटे जातायत. कारकुनाला आधी पटेना. त्याला खुर्चीतून उठवून, तोंड भिंतीकडे करून, डावा हात वर करायला लावला, तेव्हा पटलं. पुढच्या आठवड्यात फलक हलवणार.

घरी येऊन सांगितलं. वाटलं, शाबासकी नको, पण निदान चहा तरी. धाकटा 'बरं' म्हणाला आणि अर्धं ताट टाकून उठला. भावजयीने भांडी अशी घासली की शेजारी विचारायला आले. मासा खारट झाला होता का? मला तर ठीक लागला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

घरात कुणी बोलत नाही. धाकटा तर एरवीही बोलत नाही, पण आता त्याचं न बोलणं ऐकू येतं.

शेवटी मीच भावजयीला विचारलं, झालंय काय तुम्हा दोघांना. ती कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "वन्सं, पंधरा दिवस होडी भरून जातेय. ही माणसं कुठून येतायत असं वाटतं तुम्हाला?"

मी म्हटलं, फलकाच्या चुकीने.

"मग ती चूक तुम्ही परवा कचेरीत जाऊन दुरुस्त करून आलात."

ती पुन्हा कांदा चिरायला लागली. मी तिथेच फळीला टेकून उभी राहिले. हंगाम संपायला महिना आहे. फलक हलला की माणसं मनोऱ्याकडे जाणार, होडी रिकामी, आणि कचेरीला काय, रिकामीच दिसायला हवी आहे. धाकट्याला दुसरं काही येत नाही. जमिनीवर तो नीट चालतसुद्धा नाही, बदकासारखा चालतो.

आणि हे सगळं मी केलं. चहाआधी.

पण फलक खोटा ठेवायचा का? खिडकीत बसून मी कुणाला चुकीचा रस्ता सांगितला नाही. एकदाही नाही. डोकं दुखतंय, मनोऱ्याकडच्या बाजूने.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

मनोऱ्यापर्यंत चालत गेले. जाऊन कित्येक वर्षं झाली होती. गावातला माणूस कशाला जातो मनोऱ्याला? बघितलं तर खाली लोखंडी फाटक, त्याला कुलूप. आत दगडी भिंत. वर बघायला मान मोडते आणि दिसतो फक्त भिंतीचा फुगवटा. लाल पट्टे तिथून दिसतच नाहीत. एक जोडपं फाटकाला तोंड लावून उभं होतं. हाच का मनोरा, असं त्यांनी मला विचारलं. मला लाज वाटली.

परत येताना धक्क्यावर गेले आणि धाकट्याला म्हटलं, मला ने. त्याने हात दिला. तिकीट मागितलं नाही, मी दिलंही नाही.

खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्याच्या अलीकडे, त्याने इंजिन बंद केलं. होडी आपोआप वळली. आणि मनोरा दिसला. अख्खा, पायापासून डोक्यापर्यंत, लाल पट्ट्यांचा, खाली खडकांवर पांढरं पाणी फुटतंय, मागे डोंगर. आणि मध्ये आमचं गाव, एवढंसं, पसरायला जागा नसलेलं. इतकी वर्षं तिकिटं फाडली, पण होडीत बसून हे बघायला मला कधी फुरसत झाली नव्हती. खिडकीचं तोंड धक्क्याकडे होतं.

धाकटा म्हणाला, "इथून बरा दिसतो."

मी म्हटलं, तोंडाने सांगायला काय झालं होतं इतकी वर्षं. तो म्हणाला, तू कधी विचारलं नाहीस.

सोमवार, ३ मार्च

सकाळीच पेंटरकडे गेले. फलक हलवायच्या आत त्यावर दोन ओळी वाढवायच्या. त्याला लाटा घालायला या वेळी मीच सांगितलं.

कारकून धावत आला. म्हणाला, कचेरीच्या फलकावर होडीची जाहिरात चालणार नाही. मी म्हटलं, ही जाहिरात नाही, हा भूगोल आहे. तुला खोटं वाटत असेल तर फाटकाशी जाऊन उभा राहा, मग होडीत बस, आणि कुठून काय दिसलं ते तूच लिही.

तो गेला. दोन्हीकडे गेला. होडीतून उतरला तेव्हा बूट भिजलेले होते आणि त्याने काहीच बदलायला सांगितलं नाही. फक्त म्हणाला, तुमच्या पार्श्वभूमीत हे आधीच यायला हवं होतं. या माणसाचं काही होऊ शकेल.

गुरुवार, ६ मार्च

आज फलक समुद्राच्या कडेला गेला. आता वाचणारा समुद्राकडे तोंड करून उभा राहतो, आणि सगळं जागच्या जागी. सावली नाही, पण वाचायला कितीसा वेळ लागतो.

खाली नव्या ओळी आहेत: 'मनोरा डाव्या हाताला आहे. जवळ गेलात तर भिंत दिसेल. मनोरा बघायचा असेल तर उजव्या हाताला जाऊन होडीत बसा.'

खड्डे खणायला पुन्हा धाकटाच. मी मुद्दाम पुढे उभी राहिले, पुन्हा दोन दिवस लावू नयेत म्हणून. या वेळी त्याला जराही वेळ लागला नाही. पहार मारली आणि वाळू भसाभसा निघाली. बघते तर खाली आयता खड्डा, बरोबर खांबाच्या मापाचा. दुसऱ्या जागी पहार मारली, तिथेही तसाच. कुणीतरी नीट खणून, मग वाळू आणि शिंपल्यांनी बुजवून ठेवलेले. मी विचारलं, हे काय? धाकटा म्हणाला, "जमीन मऊ आहे इथे."

म्हणजे जानेवारीत याने पहिल्या दिवशी खड्डे बरोबर जागी खणले होते, आणि मग तेच बुजवून दुसऱ्या दिवशी चुकीच्या जागी खणले. याच्या हातात बरोबर काम टिकत नाही. हे मी घरी जाऊन भावजयीला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. हिलाही वारा बाधला वाटतं.

रविवार, ३० मार्च

कचेरीचे लोक होडी बघायला आले. जागा नव्हती, त्यांना दुसऱ्या फेरीसाठी थांबावं लागलं. परवाना पुढच्या हंगामाचाही मिळाला. कारकून स्वतः सांगायला आला, चहाही प्यायला. भावजयीने साखर एकदाच घातली.

जेवताना धाकटा म्हणाला, आक्का, खिडकी उघड उद्यापासून, होडी सांभाळून तिकिटं फाडणं मला जमत नाही. मी म्हटलं, तुला काय जमतं? खड्डे धड जमत नाहीत. भावजयीने पुन्हा तोंडाला पदर लावला. तिच्याकडे आता मी लक्ष देत नाही.

काच पुसायचं फडकं काढून ठेवलंय. आणि खिडकीतली माझी खुर्ची फिरवून घेतलीय. इतकी वर्षं ती धक्क्याकडे तोंड करून होती. आता समुद्राकडे.